रेघेपर्यंत पाणी

मध्य प्रदेशातल्या बालाघाटहून कोणत्याही दिशेला निघा, समुद्र लांबच. अशा गावची पोरगी समुद्रातल्या गोगलगायीच्या विषावर पीएच.डी. करून बसली, तर त्यात कौतुक किती आणि येडेपणा किती, हे त्यांच्या गल्लीत अजून ठरायचं होतं. शेजारची गोदाबाई म्हणायची, "एवढी शिकली अन गोगलगायी राखून राह्यली." यात तिचा हेतू वाईट नव्हता. दिसत होतं ते ती बोलत होती.

पोरीचं नाव साधना रामटेके. वय चौतीस. वडील दादाजी तिरोडीच्या मॅंगनीजच्या खाणीत पंपावर कामाला होते. पोरगी हुशार निघाली तशी त्यांनी खाणीवर सगळ्यांना सांगून टाकलं, माही साधना डॉक्टर होणार. ती झालीही, फक्त नाडी पाहणारी नाही. बालाघाटच्या कॉलेजात बी.एस्सी., नागपूरला एम.एस्सी. आणि तिथून थेट तामिळनाडूच्या किनाऱ्यावरची एक संस्था. तिथं पोचेपर्यंत तिनं समुद्र पाहिलेला नव्हता. पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिच्या मनात आलं, एवढं पाणी आणि प्यायला एक लोटा नाही.

आता ही गोगलगाय म्हणजे काय चीज, ते सांगायला हवं. 'गोगलगाय, पोटात पाय' असं आपण वरून गरीब दिसणाऱ्या माणसाला म्हणतो. हिच्या पोटात पाय तर आहेतच, वर तोंडात दाभणही आहे. शंख बोटाएवढा, शंकूच्या आकाराचा, तपकिरी नक्षीचा, कपाटात ठेवावा इतका देखणा. जवळून मासा गेला की आतून एक बारीक सोंड हळूच बाहेर येते, दाभणासारखा दात फेकते, आणि मासा जागच्या जागी लाकूड होतो. मग ही बया त्याला सावकाश गिळते. हिच्या विषात शेकडो प्रकारचे घटक असतात आणि त्यातल्या एखाद्यापासून माणसाच्या दुखण्यावर औषध निघू शकतं. म्हणून जगात मोजकी माणसं हिच्यामागे लागलेली आहेत. साधना त्यातली एक.

तिचा शोध असा होता की तीच गोगलगाय शिकारीला एक विष वापरते आणि स्वतःला वाचवायला दुसरं, आणि वय वाढतं तसा दोन्हींचा मेळ बदलत जातो. हे सिद्ध करायचं तर पुन्हा पुन्हा त्याच जनावरांचं विष काढावं लागतं. रोज नवी आणून चालत नाही. साधनानं सात गोगलगायी तीन वर्षं जपल्या होत्या. प्रत्येकीच्या शंखावर रंगाचा ठिपका होता आणि प्रत्येकीची खोड तिला पाठ होती. कोणती आधी सोंड काढते, कोणती रुसून वाळूत बसते, हे ती डोळे मिटून सांगू शकली असती. विचारणारं मात्र कोणी नव्हतं.

तिला फार एकटं वाटे. हे ती कोणाला सांगत नसे, पण वाटे. प्रयोगशाळेत दिवसभर इंग्रजी, बाजारात कामापुरती तमिळ, आणि मराठी फक्त रविवारी, आईच्या फोनवर. सोबतची पोरं एकेक करून मार्गी लागली. कोणी परदेशी गेलं, कोणी कॉलेजात चिकटलं, कोणी लग्न करून विज्ञानाला रामराम ठोकला. ही मात्र एका प्रकल्पावरून दुसऱ्या प्रकल्पावर, भाड्याच्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत. विज्ञानाच्या जगात माणूस चौतिसाव्या वर्षीही होतकरूच असतो, आणि त्याचे केस पांढरे व्हायला लागले तरी कोणाला लाज वाटत नाही. दादाजी गेले तेव्हा ती टाक्यांच्या खोलीत होती. फोन आला, गाडी मिळायला वेळ लागला, आणि घरी पोचली तेव्हा सगळं उरकलेलं होतं.

त्यातच तिचे मार्गदर्शक निवृत्त झाले आणि त्यांच्या टाक्या कोळंबीवाल्यांना द्यायचं ठरलं. दुष्काळात तेरावा महिना. पण त्याच आठवड्यात हैदराबादहून डॉ. चंद्रशेखर यांचा फोन आला. त्यांच्याकडे पाच वर्षांची जागा निघणार होती, आणि ती पुढं कायम होण्याची आशा होती. ते स्पष्ट बोलणारे गृहस्थ होते. म्हणाले, "मला तुमची पदवी नको, पदव्या खूप आहेत. मला तुमच्या त्या सात गोगलगायी हव्यात आणि त्यांच्यासोबत तुम्ही. एप्रिलमध्ये या."

फेब्रुवारी सुरू होता. टाक्या तर लगेच रिकाम्या करायच्या होत्या. दोन महिने सात गोगलगायी ठेवायच्या कुठं? साधनानं प्राणवायू भरलेल्या पिशव्यांत एकेक जनावर घातलं, पिशव्या थर्माकोलच्या डब्यात रचल्या, आणि तो डबा मांडीवर घेऊन ती गोंदियापर्यंत बसून आली. झोपली नाहीच. गोंदियाहून पुढची गाडी पकडून ती घराच्या दारात उतरली तेव्हा तिची आई रुख्माबाई अंगण झाडत होती.

"काय आणलं वो एवढं धरून? मिठाई?"

"गोगलगायी."

"अगं माय! अन किती दिवस राहणार?"

"एप्रिलपर्यंत, मंग त्यायले हैदराबादले नेतो."

"मी तुह्यं इचारून राह्यली," रुख्माबाई म्हणाली, "गोगलगायीचं नाही."

समोरच्या खोलीत, जिथं दादाजींची खाट असायची, तिथं काचेची टाकी आली. वर भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली वाळूत सात गोगलगायी. साधनानं समुद्राचं पाकीटबंद मीठ फिल्टरच्या कॅनच्या पाण्यात मोजून कालवलं, हवेचा पंप लावला, पाणी गरम ठेवायची कांडी लावली, इन्व्हर्टरला जोडलं. लहान भाऊ लोकेश रायपूरला नोकरीला होता. त्यानं व्हिडिओ कॉलवर सगळा थाट पाहिला आणि हसत म्हणाला, "दीदी, लोग कुत्ता पालते हैं, तू घोंघा पाल रही है." साधनाही हसली.

रुख्माबाईला मात्र त्या जनावरांचा लळा लागला. नवरा गेला, पोरगा रायपूरला, पोरगी समुद्राकाठी. घरात टीव्हीशिवाय बोलणारं कोणी नव्हतं, त्यात या सात जणी आल्या. साधना मासा सोडायची तेव्हा ती हातातलं काम टाकून स्टूलवर येऊन बसायची. सोंड बाहेर आली की श्वास धरायची, आणि मासा ताठ झाला की मांडीवर हात मारायची.

"माय वो! दिसाले किती गरीब."

मग तिचे प्रश्न सुरू व्हायचे. हे इख काढून तू करते काय? ह्या गोड्या पाण्यात काहून नाही राहत? समुद्रातलं पाणी खारट होते कशानं? साधना शंखाकडे पाहतच उत्तर द्यायची. "रिसर्च आहे माय." "किचकट आहे." "नंतर सांगतो." कमिटीसमोर ती तासभर न अडखळता बोलत असे. घरी मात्र तिला शब्द सापडत नसत. हे सगळं ती इंग्रजीत शिकली, इंग्रजीत जगली, आणि मराठीत ते कसं म्हणायचं याचा शोध तिनं कधी घेतलाच नव्हता. थकवा हे एक कारण होतं. दुसरं कारण असं की आईला हे सांगून काय उपयोग, हे तिनं मनाशी कधीचंच ठरवलेलं होतं. रुख्माबाई मग भाकरी टाकायला उठायची.

मार्चच्या मध्यावर चंद्रशेखरांनी बोलावलं. कमिटीसमोर एकदा बोलायचं होतं, जागेचं बोलणं पक्कं व्हायचं होतं, टाक्या कशा हव्यात ते दाखवायचं होतं. आठवडाभराचं काम. गोगलगायींना भरपेट खाऊ घातलं तर त्या आठवडा आरामात काढतात, तेव्हा खाण्याची चिंता नव्हती. चिंता पाण्याची होती. उन्हं तापू लागली होती, कांडी आणि पंप चालू असल्यानं पाणी भराभर उडत होतं. साधनानं काचेवर काळ्या पेननं रेघ ओढली.

"हे पाय माय. हात घालाचा नाही, दाभण मारते. खायाले काही द्याचं नाही. पाणी रेघेच्या खाली गेलं का कॅनमधलं पाणी वताचं, रेघेपर्यंत. बस."

"कॅनमधलंच? साधं?"

"हौ, साधंच."

"अन..."

"बस तेवढंच, माय. गाडी चुकते माही."

रुख्माबाईनं मान हलवली. रिक्षा वळेपर्यंत ती दारात उभी होती.

हैदराबाद छान झालं. इतकं छान काही होण्याची सवय साधनाला नव्हती. कमिटीतल्या म्हाताऱ्यांनीही शेवटी प्रश्न सोडून कौतुक केलं. चंद्रशेखरांनी तिला टाक्यांची खोली दाखवली, नवीकोरी, रिकामी, आणि दारावर तिच्या नावाची पाटी लागेल ती जागाही दाखवली. रात्री पाहुण्यांच्या खोलीत ती पलंगावर बसून इडली खात होती, आणि तिच्या ध्यानात आलं की ही बातमी सांगायला तिच्याकडे कोणीच नाही. फोनमधली नावं तिनं वरपासून खालपर्यंत पाहिली. शेवटी आईला लावला.

"कशा आहेत?"

"बराबर आहेत. रेतीत दडून बसल्या."

"पाणी टाकते ना तू?"

"हौ, दोन्ही टाइम. तू नको काळजी करू, मी तुह्यापेक्षा जास्त ध्यान देऊन राह्यली."

जागेचं सांगायचं साधनाच्या ओठांवर आलं होतं. पण जागा, पाच वर्षं, कायम होण्याची आशा, हे सगळं समजावत बसावं लागलं असतं. घरी गेल्यावर सांगू, असं म्हणून तिनं फोन ठेवला.

परतली त्या सकाळी दार उघडंच होतं. वास तिला अंगणातच आला. हा वास ती ओळखत होती. किनाऱ्यावर ओहोटीनंतर उन्हात राहिलेल्या जनावरांना तो येतो. तिनं बॅग वाटेतच टाकली.

टाकीतलं पाणी गढूळ झालं होतं. सातही शंख वाळूवर आडवे होते, आणि तोंडातून मांसाचा लगदा सैल लोंबत होता. साधनानं हातमोजा न घालता हात घातला. अकरा वर्षांत तिनं असं कधी केलं नव्हतं. एकेक शंख उचलून बोटानं दाबून पाहिला. एकीतही जीव नव्हता, आणि मरूनही इतका वेळ झाला होता की आतलं विषही आता कामाचं नव्हतं. खारेपणा मोजायची नळी तिनं उजेडाकडे धरली. आतल्या पट्टीवर खारेपणा समुद्राच्या दुपटीजवळ निघाला. तिनं बोट जिभेला लावलं आणि थुंकली.

"माय, पाण्यात काय टाकलं तू?"

रुख्माबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "कॅनचंच पाणी. रेघेपर्यंत. तू सांगतलं तसंच."

"अजून काय?"

"अजून... मीठ."

रुख्माबाई घाईघाईनं बोलू लागली.

"तू साधं पाणी म्हणून गेली ना, मी म्हटलं पोरगी घाईत विसरली. खारातले आवळे राहतात का नाही वो? त्यातला खार कमी झाला तं साधं पाणी टाकतात काय? सडते ना सारं. मिठाचंच पाणी टाकावं लागते. मंग मी सकाळी एक मूठ, संध्याकाळी एक मूठ टाकत गेली. परवा मले वास आला. म्हटलं, खार कमी पडून राह्यला. तं दोन दोन मुठी टाकल्या."

वास आला की मीठ वाढवायचं. किरनापूरच्या माहेरी तिच्या आईनं शिकवलेलं, आणि तिच्या बरण्यांतला एक आवळा आजवर कधी सडला नव्हता.

"आवळे होते काय ते?" साधनाचा आवाज फाटला. "कोणं सांगतलं तुले डोकं लावाले? अकरा वर्षं, माय! अकरा वर्षं मी तिकडं एकटी मेली यांच्यासाठी. बाबाचं तोंड पाहाले नाही भेटलं मले. अन तू मुठीनं मीठ टाकलं! काय समजते तुले यातलं?"

गोदाबाई कुंपणापर्यंत आली आणि तशीच मागे फिरली. रुख्माबाईनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली. आतून भांड्याचाही आवाज आला नाही.

दुपारी साधनानं चंद्रशेखरांना फोन केला. त्यांनी विचारलं, वीज गेली होती का? वीज म्हटलं असतं तर सोपं गेलं असतं, कारण वीज सगळीकडे जाते आणि तिला कोणी दोष देत नाही. आई म्हटलं असतं तरी ते समजून घेतील असं वाटत होतं. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ. साधना म्हणाली, "खारेपणा वाढला. निष्काळजीपणा माझा होता." चंद्रशेखर भले माणूस होते. त्यांनी शब्द जपून वापरले. नवी जनावरं आणून पुन्हा तीन वर्षं मोजत बसायला त्यांच्याकडे वेळ नव्हता, जागा तर भरावीच लागणार होती, दुसरी एक उमेदवार होती. पुढं कधी काही निघालं तर ते नक्की कळवणार होते. साधनानं त्यांचे आभार मानले. आभार मानायची सवय या धंद्यात फार लवकर लागते.

मग तिनं टाकी उपसली. बादल्या भरभरून पाणी नालीत ओतलं, वाळू धुतली, काच घासली. काळी रेघ ओल्या फडक्यानं निघेना, तेव्हा तिनं ती नखानं खरवडली. हे करताना तिला रडू आलं, आणि तिनं ते येऊ दिलं. घरात आई होती, चार पावलांवर, तरी तिला त्या वेळी वाटलं तेवढं एकटं किनाऱ्यावरच्या कुठल्याही खोलीत वाटलं नव्हतं.

दिवेलागणीला रुख्माबाईनं दोन ताटं वाढली. वरण, भात, वांग्याची भाजी. दोघींनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. रुख्माबाईचे डोळे सुजले होते. दोन घास झाल्यावर ती खाली पाहूनच बोलली.

"एक इचारू काय? रागवू नको."

"इचार."

"समुद्रात तं मीठच राहते ना. मंग मिठानं काहून मेल्या?"

'किचकट आहे माय' हे शब्द साधनाच्या तोंडात आयते तयार होते. पण ज्यासाठी घाई करायची असं आता काहीच उरलं नव्हतं. गाडी नव्हती, कमिटी नव्हती, टाकीही नव्हती. तिनं ताटाकडे पाहिलं.

"माय, वरण चुलीवर ठेवून तू गोदामावशीसंगं बोलत बसली, अन ते आटून गेलं, तं कसं लागते?"

"खारट लागते."

"काहून? मीठ तं तेवढंच टाकलं होतं."

"पाणी उडून जाते ना वो. मीठ कुठं जाते? ते तं खालीच राहते."

"मंग तू त्यात काय टाकते?"

"पाणी. गरम करून, साधं..."

रुख्माबाईचा घास हातातच राहिला. तिनं समोरच्या खोलीकडे पाहिलं. दादाजींच्या खाटेच्या जागी रिकामी टाकी पालथी वाळत होती. मग तिनं पोरीकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता, आणि तेच साधनाला सोसवेना.

"एवढंच होतं काय वो?" ती म्हणाली. "हे तं मले समजलं असतं."